सोलर इन्व्हर्टर बंद पडला तर: ‘रिसेट’ करण्याआधी आणि केल्यानंतर

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली. घरगुती सौरसंचाला एक किलोवॉटसाठी ३०,००० रुपये, दोन किलोवॉटसाठी ६०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपये असे केंद्राचे अनुदान मिळू लागले आणि महाराष्ट्रात शहरांबरोबर तालुक्याच्या गावांतही गच्चीवर पॅनेल दिसू लागली. संच बसवताना अनुदान, नेट मीटर (लाइनकडून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज मोजणारे मीटर) आणि वाचणारे बिल यांची भरपूर चर्चा होते. जिन्यातल्या भिंतीवर बसवलेल्या इन्व्हर्टरचा हिरवा दिवा एखाद्या दुपारी लाल झाला तर घरच्यांनी काय करायचे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. मग फोनवरून ‘एकदा बंद करून चालू करा’ हा सल्ला मिळतो, तो कधी लागू पडतो, कधी पडत नाही, आणि दरम्यान महिन्याचे बिल वाढलेले असते.

हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. इन्व्हर्टर थांबतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. काहीतरी धोकादायक किंवा नियमाबाहेरचे दिसल्यामुळे त्याने काम नाकारलेले असते आणि त्याचे कारण त्याच्या पडद्यावर किंवा ॲपमध्ये नोंदलेले असते. रिसेट केल्याने पडद्यावरची नोंद पुसली जाते. कारण तसेच राहते. म्हणून रिसेट कसे करावे याइतकेच ते कधी करू नये हेही कळले पाहिजे.

हे यंत्र नेमके काय करते?

पॅनेलमधून डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज येते. घरातले पंखे, फ्रिज आणि महावितरणची लाइन एसी विजेवर, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेवर चालते. पॅनेलची डीसी वीज लाइनशी जुळणारी एसी करून घरात आणि उरलेली लाइनमध्ये सोडणे हे सोलर इन्व्हर्टरचे काम. लाइनच्या या जाळ्याला ग्रिड म्हणतात. वीज गेल्यावर बॅटरीवर दिवे-पंखे चालवणारा, आपल्याकडे वर्षानुवर्षे घरोघरी असलेला इन्व्हर्टर हे वेगळे यंत्र आहे. या लेखात मुख्यतः बॅटरी नसलेल्या, ग्रिडला जोडलेल्या सोलर इन्व्हर्टरचा विचार केला आहे, कारण नेट मीटरसह बसवलेले बहुतेक घरगुती संच याच प्रकारचे आहेत.

लाइनशी जुळणे म्हणजे काय, हे भजनातल्या टाळकऱ्यावरून लक्षात येईल. उशिरा आलेला टाळकरी बसल्याबरोबर टाळ वाजवत सुटत नाही. आधी पखवाजाचा ठेका ऐकतो, लय अंगात भिनली की मगच टाळ धरतो, आणि पखवाज थांबला की त्याचाही हात थांबतो. सोलर इन्व्हर्टर सकाळी पॅनेलवर ऊन आले की जागा होतो, लाइनचे व्होल्टेज आणि आवर्तने किमान एक मिनिट, काही मॉडेलमध्ये पाच मिनिटांपर्यंत तपासत राहतो, आणि सर्व मर्यादेत असेल तरच ‘टक्’ असा आवाज करून आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडतो. पडद्यावर उलटे आकडे मोजले जाताना दिसतात ते याच प्रतीक्षेचे. लाइन गेली, की तोही लगेच थांबतो.

ऊन आहे, पॅनेल आहेत, मग वीज गेल्यावर सोलर का बंद?

पहिल्या उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक ग्राहक ही तक्रार करतो आणि ती रास्त वाटण्याजोगी आहे. पण हे बंद होणे मुद्दाम घडवलेले आहे. खांबावर वायरमन काम करत असताना त्याने डीपीवरून पुरवठा बंद केलेला असतो, तार मृत आहे असे तो धरून चालतो. त्याच वेळी खालच्या एखाद्या घरातून सोलरची वीज लाइनमध्ये जात राहिली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून लाइन गेल्यावर दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने वीज सोडणे थांबवले पाहिजे, असा नियम आहे आणि त्यासाठी यंत्राची चाचणी घेतली जाते.

यातून एक सूचना निघते आणि ती कळकळीने सांगायची आहे. वीज गेली म्हणून सोलरला ‘फसवून’ चालवण्यासाठी घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा डिझेल जनरेटर सोलरच्या लाइनला जोडण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती करू नये. त्यात जनरेटर जळू शकतो आणि मुख्य स्विच चुकून चालू राहिला तर बाहेरच्या तारेत वीज जाऊ शकते. वीज गेल्यावरही सोलर हवा असेल, तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर हा त्याचा योग्य मार्ग आहे.

खरोखर बंद आहे का, हे आधी पाहा

बऱ्याच तक्रारींत इन्व्हर्टर व्यवस्थित चालू असतो आणि मोबाइलवरचे ॲप तेवढे शून्य दाखवत असते. घरातला राउटर बदलला, वाय-फायचा पासवर्ड बदलला किंवा रिचार्ज संपला, की इन्व्हर्टरला खाली लावलेली वाय-फायची छोटी कांडी माहिती पाठवू शकत नाही. वीजनिर्मितीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून ॲपवर विसंबून न राहता यंत्राजवळ जाऊन पडद्यावरची वॉटची संख्या पाहावी. पडदा नसेल, तर निर्मिती मोजणाऱ्या वेगळ्या मीटरचे आकडे अर्ध्या तासाच्या अंतराने टिपावेत. आकडा पुढे सरकला असेल तर वाय-फाय पुन्हा जोडणे एवढेच काम उरते. ही कांडी बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालते, त्यामुळे नवा राउटर केवळ पाच गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर ती जोडली जाणार नाही.

रात्री आणि पहाटे पडदा काळा असणे स्वाभाविक आहे, कारण हे यंत्र पॅनेलच्याच विजेवर जागे होते. आषाढातल्या दाट ढगाळ दिवशी निर्मिती नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्यावर येणे हाही बिघाड नव्हे. आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी एका किलोवॉटला ढोबळमानाने चार युनिट वीज मिळते. म्हणजे तीन किलोवॉटच्या संचाने साधारण बारा युनिट द्यावे. स्वच्छ ऊन असूनही सलग काही दिवस हा आकडा सहा-सातवर अडकला असेल आणि लाल दिवा नसेल, तर पाण्याच्या टाकीची नवी सावली, पॅनेलवरची धूळ किंवा पॅनेलच्या दोन माळांपैकी (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलचे गट) एक बंद असणे, यांपैकी काहीतरी घडलेले असते. त्यावर रिसेटचा उपयोग नाही.

‘रिसेट’ या नावाखाली तीन वेगळ्या क्रिया

पहिली क्रिया म्हणजे यंत्र ठरलेल्या क्रमाने बंद करून पुन्हा चालू करणे. घरमालकाने करण्याजोगी हीच. दुसरी क्रिया वाय-फायच्या कांडीवरचे बटण काही सेकंद दाबून तिच्यातला जुना पासवर्ड पुसण्याची. तीही निर्धोक आहे, फक्त त्यानंतर ॲपमध्ये जोडणी नव्याने करावी लागते. तिसरी क्रिया म्हणजे मेनूमध्ये जाऊन कारखान्यातून आलेल्या मूळ स्थितीवर यंत्र नेणे. ही घरमालकाने करू नये. इन्व्हर्टरमध्ये कोणत्या देशाचे व्होल्टेजचे आणि आवर्तनांचे नियम पाळायचे हे बसवताना निवडलेले असते. ते पुसले गेले तर यंत्र चालूच होणार नाही, किंवा अधिक वाईट म्हणजे, भलत्याच मर्यादांवर चालू होईल.

बंद-चालू करण्याचा क्रम आणि त्यामागचे कारण

इन्व्हर्टरच्या शेजारी साधारणपणे दोन लहान पेट्या असतात. एकीत पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारांचे फ्यूज किंवा स्विच, दुसरीत घराकडे जाणाऱ्या एसी लाइनचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच. इन्व्हर्टरच्या खालच्या बाजूला बहुधा फिरवायचा डीसी स्विचही असतो. काहीही करण्याआधी पडद्यावरच्या बिघाडाच्या कोडचा, वेळ दिसेल असा मोबाइलवर फोटो काढावा. हे एक काम चुकवू नये. तंत्रज्ञाला पुढे याच फोटोवरून अर्धे निदान करता येते.

मग कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून, आधी एसीचा एमसीबी खाली करावा आणि त्यानंतर डीसी स्विच बंद करावा. क्रम महत्त्वाचा आहे. एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, आणि वाहत्या प्रवाहात तो तोडला तर ठिणगीची ज्योत टिकून राहू शकते. आधी एसी बंद केली की इन्व्हर्टर पॅनेलकडून वीज ओढणे थांबवतो आणि मग डीसी स्विच जवळजवळ प्रवाह नसताना उघडतो. याच कारणासाठी पॅनेलच्या तारांचे खटक्यासारखे बसणारे जोड उन्हात ओढून काढू नयेत. ५४० वॉटच्या एका पॅनेलचे खुले, म्हणजे पुढे काहीही जोडलेले नसतानाचे, व्होल्टेज सुमारे ५० असते; सहा पॅनेल एकामागे एक जोडली की तारेत ३०० व्होल्ट उभे राहतात. आपण सगळे स्विच बंद केले तरी ऊन आहे तोवर स्विचपर्यंतच्या तारा जिवंतच असतात.

दोन्ही बंद झाल्यावर पडदा पूर्ण विझेपर्यंत आणि त्यानंतरही, असे मिळून किमान पाच, शक्यतो दहा मिनिटे थांबावे. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ लागतो, आणि ती पूर्ण उतरल्याशिवाय यंत्राचा अंतर्गत संगणक खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाही. घाईने दोन सेकंदांत केलेले बंद-चालू अनेकदा निष्फळ ठरते ते यामुळेच. नंतर आधी डीसी, मग एसी चालू करावी. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत चालू करण्याचा क्रम उलटा दिलेला असतो. तिथे पुस्तिकेचे ऐकावे. एक ते पाच मिनिटांची प्रतीक्षा संपून हिरवा दिवा स्थिर झाला की काम झाले.

हायब्रिड संचात तिसरा स्रोत असतो, बॅटरी. तिचाही स्विच बंद केल्याशिवाय यंत्र पूर्ण विझत नाही, आणि तिथला क्रम कंपनीगणिक बदलतो. पुस्तिका हाताशी नसेल तर हायब्रिडला हात न लावणे बरे.

दुपारी बंद, संध्याकाळी चालू: व्होल्टेजचे दुखणे

आता सर्वांत जास्त आढळणाऱ्या आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेल्या बिघाडाकडे येऊ. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ किंवा तशा अर्थाचा कोड येतो, काही मिनिटांनी जातो, पुन्हा येतो. सकाळी नऊपर्यंत सगळे सुरळीत असते, बारा ते तीनमध्ये यंत्र थांबत-चालत राहते, चारनंतर पुन्हा शांत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे लाइनचे व्होल्टेज ठरलेल्या मूल्याच्या ११० टक्क्यांवर किंवा ८० टक्क्यांखाली गेले, तर इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बाजूला व्हायचे असते. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट.

लोक म्हणतात, ‘घरात व्होल्टेज तर बरोबर आहे, मीटरवर २४६ दिसते, मग इन्व्हर्टर २५३ कुठून आणतो?’ याचे उत्तर तारेत आहे. वीज लाइनमध्ये ढकलायची तर इन्व्हर्टरला आपल्या टोकाचे व्होल्टेज लाइनपेक्षा थोडे वर न्यावे लागते. तार जितकी बारीक आणि लांब, तितके ते जास्त वर जाते. तीन किलोवॉटचा संच भर दुपारी सुमारे १३ अँपिअर सोडतो. गच्चीवरून तळमजल्याच्या मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ३० मीटर टाकली असेल, तर जाण्या-येण्याच्या ६० मीटर तारेचा रोध साधारण ०.४४ ओहम होतो. १३ अँपिअरला त्यावर जवळजवळ सहा व्होल्ट चढतात. मीटरपाशी २४६ असताना इन्व्हर्टरपाशी २५२ होतात आणि शेजाऱ्याने मोटर बंद केली एवढ्या निमित्ताने मर्यादा ओलांडली जाते. त्याच जागी दहा चौरस मिलिमीटरची तार असती, तर चढ दीड व्होल्टाच्या आतच राहिला असता.

बसवणाऱ्याने तारेत वाचवलेले थोडे पैसे ग्राहक पुढे वर्षानुवर्षे दुपारच्या बुडालेल्या युनिटांतून भरतो. नवा संच बसवून घेणाऱ्याने पॅनेलच्या कंपनीइतकीच एसी तारेच्या जाडीची चौकशी करावी, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे.

हे दुखणे तारेचे की महावितरणच्या लाइनचे, ते घरबसल्या ओळखता येते. दुपारी निर्मिती जोरात असताना इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे एसी व्होल्टेज टिपावे, आणि त्याच मिनिटाला कोणाला तरी मीटरच्या पडद्यावर दिसणारे व्होल्टेज पाहायला सांगावे. दोहोंत पाच-सहा व्होल्टचा फरक असेल तर दोष आपल्या तारेत किंवा ढिल्या जोडात आहे. फरक एक-दोनच असेल आणि मीटरवरही २५० च्या पुढचा आकडा असेल, तर लाइन मुळातच वर आहे. डीपीपासून शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत, किंवा एकाच डीपीवर बरेच सोलर संच आले आणि दुपारी वीज वापरणारे कोणी घरी नाही अशा वसाहतीत हे होते. घरातले दिवे अचानक प्रखर होणे आणि मंद होणे असा खेळ चालला असेल, तर न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता मोठी. ते सोलरपुरते राहत नाही, फ्रिज आणि टीव्हीही जाळू शकते. अशा वेळी १९१२ वर तातडीने तक्रार करावी.

‘व्होल्टेजची मर्यादाच वाढवून घ्या’ हा सल्ला

काही तंत्रज्ञ पासवर्डने मेनूत शिरून २५३ ची मर्यादा २६५ किंवा २७० करतात, अथवा दुसऱ्याच देशाचे नियम निवडतात. लाल दिवा जातो, ग्राहक खूश होतो. पण इन्व्हर्टर वर नेत असलेले व्होल्टेज त्याच तारेवर जोडलेल्या वरच्या मजल्यावरील उपकरणांनाही मिळते. एलईडी दिवे वारंवार जाणे आणि स्टॅबिलायझर दुपारभर खटखटत राहणे ही त्याची लक्षणे. शिवाय जोडणी मंजूर करताना गृहीत धरलेली सुरक्षा आपणच काढून टाकतो. तार बदलणे किंवा लाइन नीट करून घेणे वेळखाऊ आहे, तरीही उपाय तोच आहे.

पावसाळी सकाळचा कोड

जून-जुलैमध्ये दुसऱ्या एका कोडच्या तक्रारी वाढतात. ‘पीव्ही आयसोलेशन लो’, ‘आयएसओ फॉल्ट’ अशी त्याची नावे असतात. रोज सकाळी लाइनला जोडण्याआधी इन्व्हर्टर पॅनेलच्या तारा आणि जमीन यांच्यामधला विद्युतरोध मोजतो. तो कमी भरला, म्हणजे कुठेतरी वीज ओलाव्यातून लोखंडी सांगाड्याकडे आणि जमिनीकडे झिरपत आहे, असा अर्थ. ऊन पडून दहा-अकरा वाजता सगळे वाळले की हा कोड आपोआप जातो आणि यंत्र चालू होते. घरचे समजतात, आपल्या तिसऱ्या रिसेटने काम झाले.

प्रत्यक्षात दोष तिथेच असतो. गच्चीवर पाणी साचते तिथे लोळत पडलेला तारेचा जोड, सांगाड्याच्या धारदार कडेवर घासून सोललेली तार, उंदीर-खारींनी कुरतडलेले आवरण, ही त्याची नेहमीची ठिकाणे. कोकणातल्या खाऱ्या हवेत जोडांच्या आत गंज चढून हे लवकर होते. अर्थिंग नीट असेल तर सांगाड्याला हात लागूनही काही जाणवणार नाही. अर्थिंगची पट्टी गंजून सुटली असेल तर तोच सांगाडा झटका देऊ शकतो. म्हणून हा कोड दिसत असताना पॅनेल धुवायला किंवा सांगाड्यावर कपडे वाळत घालायला कोणीही गच्चीवर जाऊ नये. हा कोड वारंवार येऊ लागला तर रिसेट करत बसू नये, तंत्रज्ञाला बोलवावे आणि त्याच्याकडून प्रत्येक माळेचा रोध स्वतंत्रपणे मोजून घ्यावा.

वळवाच्या विजा होऊन गेल्यावर पेटीच्या आतला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीकडे वळवणारा भाग, बाहेरून पाहून घ्यावा. त्यावरची लहान खिडकी हिरवी असेल तर तो शाबूत आहे, लाल झाली असेल तर त्याने एकदा आपले काम करून जीव गमावला आहे. सोलर तरीही चालू राहतो, त्यामुळे हे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही आणि पुढचा लोंढा थेट इन्व्हर्टरपर्यंत पोहोचतो.

उन्हाळ्यात यंत्र मंदावते ते का?

अकोला, चंद्रपूर, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर बसवलेल्या इन्व्हर्टरची पेटी त्याहून कितीतरी अधिक तापते आणि आतले भाग वाचवण्यासाठी तो स्वतःहून निर्मिती कमी करतो. वर सावलीचा पत्रा, चारही बाजूंना हवा खेळेल अशी मोकळी जागा आणि पंखा असल्यास त्याच्या जाळीवरची धूळ झटकणे यांनी हे बऱ्यापैकी सुधारते. पत्रा लावताना तो यंत्राला खेटवू नये. पॅनेल धुवायची असल्यास सकाळी लवकर धुवावीत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यास ती तडकण्याचा धोका असतो.

‘तंत्रज्ञही येऊन बंद-चालूच करतो, मग आम्ही का करू नये?’

एकदा जरूर करावे. लाइनमध्ये क्षणिक झटका येऊन यंत्राचा संगणक अडकतो आणि बंद-चालू केल्यावर खरोखर मोकळा होतो, असे अनेकदा घडते. मात्र त्याच दिवशी तोच कोड पुन्हा आला, तर दुसऱ्यांदा बंद-चालू करून नवे काही कळणार नाही. एसीचा एमसीबी पडलेला आढळला तर तोही एकदाच उचलावा. लगेच पुन्हा पडला तर त्याला पडूच द्यावे. जोराने धरून ठेवणे किंवा जास्त अँपिअरचा एमसीबी बसवणे याने तार जळते. पेटीत पाली शिरून दोन टोकांमध्ये अडकतात आणि शॉर्ट होतो, हे आपल्याकडे नेहमीचे आहे. तारा आत येतात ती भोके नीट बुजवली नसल्याचा तो पुरावा असतो.

काही वेळा मात्र एकदाही हात लावू नये. जळल्याचा वास, डीसी पेटीतून तडतड आवाज, वितळलेले जोड किंवा यंत्राच्या आत गेलेले पाणी दिसले, तर जवळ न जाता आधी बसवणाऱ्या संस्थेला फोन करावा. सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये किंवा चिपळूणला जुलै २०२१ मध्ये आले तसे पुराचे पाणी घरात चढले, तर महावितरणने पुरवठा बंद केला असला तरी वर ऊन असताना पॅनेलच्या तारांत वीज असते, हे लक्षात ठेवून बुडालेल्या इन्व्हर्टरच्या आसपासच्या पाण्यातही उतरू नये. पाणी ओसरल्यावर यंत्र वाळवून स्वतः चालू करून पाहण्याचा मोह टाळावा.

तक्रार कोणाकडे आणि कशी करावी?

दोष घरातल्या बाजूचा असेल, म्हणजे आयसोलेशनचा कोड, तारेतला व्होल्टेजचा चढ किंवा यंत्राचा आतला बिघाड, तर जबाबदारी बसवणाऱ्या संस्थेची. अनुदानाच्या योजनेतून बसवलेल्या संचाची पाच वर्षे देखभाल करण्यास ती बांधील असते आणि करारात तसे लिहिलेले असते. तक्रार फोनवर न थांबवता लेखी पाठवावी, सोबत कोडचा फोटो आणि इन्व्हर्टरच्या बाजूच्या पट्टीवरचा अनुक्रमांक द्यावा.

दोष लाइनचा असेल, तर महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्यावा लागतो आणि तिथे ‘सोलर चालत नाही’ असे लिहिले की अर्ज पुन्हा बसवणाऱ्याकडे टोलवला जाण्याची शक्यता असते. त्याऐवजी ‘मीटरपाशी पुरवठ्याचे व्होल्टेज जास्त आहे’ अशी तक्रार करावी, कारण योग्य व्होल्टेज देणे हे वितरण कंपनीचे स्वतःचे कर्तव्य आहे. तीन-चार दिवस सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठ वाजता मीटरवर दिसलेले व्होल्टेज तारीखवार लिहून जोडावे आणि एखादे दुपारचे मोजमाप सोलर बंद ठेवूनही घ्यावे. सोलर बंद असतानाही आकडा २५० च्या वर असेल, तर आपल्या संचामुळे व्होल्टेज चढते हा आक्षेप उरत नाही. अनेक डीपींमध्ये ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज काही टक्के खाली-वर करण्याची सोय असते, तसेच तीन फेजवर घरांची वाटणी असमान असेल तर एखादे घर दुसऱ्या फेजवर घेता येते. यांपैकी कोणता उपाय करायचा हे अभियंता मोजणी करून ठरवतो. अर्जात या दोन्हींचा उल्लेख केला आणि पोच घेऊन ठेवली, तर पुढच्या भेटीत बोलणे तिथूनच सुरू करता येते.